मिश्रणाचे गणित आणि मठाचे माप



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडावयाचा म्हटले की वक्त्याचे मन साहजिकच राष्ट्र, संस्कृती, धर्म अशा मोठ्या विषयांकडे धावते. मी आज जो विषय आपल्यापुढे मांडणार आहे, तो दहावीच्या गणिताच्या पुस्तकातील आहे. दोन प्रकारचे दूध, दोन प्रतींचे सोने किंवा दोन भावांचे धान्य एकत्र केले. मिश्रणाचा भाव अमुक आला. तर प्रत्येकाचे प्रमाण किती? आपल्यापैकी प्रत्येकाने ही उदाहरणे कधी ना कधी सोडविली आहेत आणि बहुतेकांनी शाळा सुटताच ती विसरूनही टाकली आहेत. परीक्षेत पाच गुण मिळविण्यापुरतीच त्यांची योग्यता, असा एक समज रूढ आहे. त्या समजाला इतिहासाचा आधार नाही, एवढेच मला आज दाखवावयाचे आहे.

ही उदाहरणे बाजारात जन्मली आहेत. तागडी ज्याच्या हाती, त्याच्या शब्दावर विसंबून न राहता आपला हिशेब आपण तपासावा, या गरजेतून ती आली. त्यांच्यामागे अकराशे वर्षांहून जुनी परंपरा आहे, आणि त्या परंपरेतील काही महत्त्वाची पावले आपल्याच परिसराच्या आसपास उमटलेली आहेत.

महाळुंग आणि कवठ

पांढुर्णा आणि सौंसर यांची ओळख आज संत्र्यांनी होते. आंबिया बहार आणि मृग बहार हे शब्द येथील मुलाला कॅलेंडरातील महिन्यांइतकेच परिचयाचे. म्हणून आरंभीचे उदाहरणही मी लिंबाच्या जातीच्या एका फळाचेच घेतो. ते संत्र्याचे नाही, महाळुंगाचे आहे.

इसवी सनाच्या नवव्या शतकात, सुमारे ८५० मध्ये, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. ग्रंथारंभी त्याने राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याची स्तुती केली आहे. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. पण राष्ट्रकूट हे नाव आपल्या भागाला परके नाही. शेजारच्या मुलताईस नन्नराज या राष्ट्रकूट राजाचा ताम्रपट मिळाला, तो इ. स. ७०९ च्या सुमाराचा. ती शाखा निराळी. वर्ध्याकडील देवळीचा ताम्रपट मात्र मान्यखेटच्याच घराण्यातील तिसऱ्या कृष्णाचा, इ. स. ९४० चा आहे. महावीराचार्याचा ग्रंथ ज्या राज्यात लिहिला गेला, त्या राज्याच्या खुणा आपल्या दोन्ही बाजूंना आहेत.

या ग्रंथात ‘मिश्रकव्यवहार’ नावाचे एक मोठे प्रकरण आहे. त्याआधी इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने गणिताचे जे आठ व्यवहार सांगितले, त्यांतही मिश्रक हाच पहिला. मुद्दल आणि व्याज एकत्र झालेले, निरनिराळ्या भावांचा माल एकत्र झालेला, निरनिराळ्या कसांचे सोने एकत्र झालेले, असे जे जे ‘मिश्र’, ते पुन्हा सुटे करून दाखविणारे गणित म्हणजे मिश्रक. महावीराचार्याचा एक प्रश्न असा: नऊ महाळुंगे आणि सात कवठे यांची एकूण किंमत १०७, सात महाळुंगे आणि नऊ कवठे यांची एकूण किंमत १०१, तर एका महाळुंगाची आणि एका कवठाची किंमत सांगा.

आजच्या पद्धतीने महाळुंगाची किंमत क्ष आणि कवठाची य मानू.

९क्ष + ७य = १०७
७क्ष + ९य = १०१

दोन्हींची बेरीज केली तर १६ महाळुंगे आणि १६ कवठे यांची किंमत २०८, म्हणजे एका जोडीची १३. वजाबाकी केली तर दोन महाळुंगे दोन कवठांपेक्षा ६ ने महाग, म्हणजे एक महाळुंग एका कवठापेक्षा ३ ने महाग. बेरीज १३ आणि फरक ३. म्हणून महाळुंग ८ आणि कवठ ५.

महावीराचार्याने यासाठी स्वतंत्र नियम दिला आहे. मोठ्या संख्येने मोठी किंमत गुणावी, लहान संख्येने लहान किंमत गुणावी, त्यांची वजाबाकी करावी आणि दोन्ही संख्यांच्या वर्गांतील फरकाने भागावे. ९ गुणिले १०७ म्हणजे ९६३, ७ गुणिले १०१ म्हणजे ७०७, वजाबाकी २५६, तिला ८१ वजा ४९, म्हणजे ३२ ने भागले की ८. नियम अचूक आहे. मात्र फळांच्या संख्यांची अदलाबदल झाली असेल तेव्हाच तो लागू पडतो. पहिल्या वेळी नऊ आणि सात, दुसऱ्या वेळी सहा आणि अकरा असा प्रश्न आला, तर हा नियम पाठ केलेला विद्यार्थी अडेल. समीकरण मांडणारा अडणार नाही. पाठ केलेला नियम आणि मांडलेले समीकरण यांतील हे अंतर ध्यानात असू द्यावे.

लीलावतीतील सोने

तीनशे वर्षांनी भास्कराचार्य आले. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४, हे त्यांचे जन्मवर्ष. शके १०७२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग म्हणून मानले जातात.

‘लीलावती’च्या मिश्रव्यवहारात सुवर्णगणित येते. त्या काळी सोन्याची शुद्धता ‘वर्णा’त मोजत आणि सोळा वर्णांचे सोने पूर्ण शुद्ध समजत. आज आपण चोवीस कॅरट म्हणतो. मराठीतील ‘बावनकशी’ हा शब्द अशाच आणखी एका मोजणीची खूण आहे. मोजपट्टी बदलली, हिशेब बदलला नाही.

भास्कराचार्यांचे पहिले उदाहरण पाहा. तेरा वर्णाचे दहा मासे, बारा वर्णाचे चार मासे, अकरा वर्णाचे दोन मासे आणि दहा वर्णाचे चार मासे सोने एकत्र आटविले. मिश्रणाचा वर्ण किती? वर्ण आणि मासे यांचे गुणाकार अनुक्रमे १३०, ४८, २२ आणि ४०, बेरीज २४०, एकूण वजन २० मासे, म्हणून वर्ण १२. पुढे ते विचारतात: हेच सोने शुद्ध करता करता १६ मासे उरले, तर वर्ण किती? २४० भागिले १६, म्हणजे १५. आणि शुद्ध करता करता सोळा वर्णाचे झाले, तर वजन किती उरेल? २४० भागिले १६, म्हणजे १५ मासे.

या तिन्ही उत्तरांत २४० ही एकच संख्या कायम आहे. मिश्रणाच्या गणिताचे सारे मर्म तिच्यात आहे. सोने आटते, रंग बदलतो, हीण जळून जाते, वजन घटते. पण आतील शुद्ध सोने तेवढेच राहते. वर्ण गुणिले वजन ही त्या न बदलणाऱ्या ऐवजाची मोजणी आहे. सगळे बदलत असताना काय बदलत नाही, हे ज्याने ओळखले त्याला उदाहरण सुटले. उरली ती आकडेमोड.

भास्कराचार्य यानंतर आणखी तीन प्रकार देतात. दहा वर्णाचे आठ मासे, अकरा वर्णाचे दोन मासे आणि न कळलेल्या वर्णाचे सहा मासे मिळून बारा वर्णाचे सोने झाले. तर तो वर्ण कोणता? उत्तर १५. दहा वर्णाचे तीन मासे, चौदा वर्णाचा एक मासा आणि सोळा वर्णाचे काही मासे मिळून बारा वर्ण झाला. तर ते किती मासे? उत्तर १. सोळा वर्णाची एक गुटिका आणि दहा वर्णाची एक गुटिका आटवून बारा वर्णाचे सोने झाले. तर दोन्हींची वजने किती?

प्रत्येक प्रकारासाठी ‘लीलावती’त वेगळे सूत्र आहे. विद्यार्थ्याला चार सूत्रे पाठ करावी लागतात. प्रत्यक्षात चारही उदाहरणे एकाच वाक्याची आहेत: मिसळण्यापूर्वीच्या गुणाकारांची बेरीज ही मिसळल्यानंतरच्या गुणाकाराएवढीच असते. त्या वाक्यातील रिकामी जागा तेवढी बदलते. कधी मिश्रणाचा वर्ण माहीत नसतो, कधी एका घटकाचा वर्ण, कधी एक वजन, कधी दोन्ही वजने. हे वाक्य समीकरण म्हणून लिहिता आले की चार सूत्रांची जागा एक समीकरण घेते.

शेवटचा प्रकार मात्र आणखी काही शिकवितो. समीकरण मांडू.

१६क्ष + १०य = १२(क्ष + य)

यातून ४क्ष = २य, म्हणजे य ही क्षच्या दुप्पट. सोळा वर्णाचे दोन मासे असतील तर दहा वर्णाचे चार. तीन असतील तर सहा. भास्कराचार्यांचे सूत्र नेमके हेच सांगते. सोळातून बारा गेले, उरले चार. हे दहा वर्णाच्या सोन्याचे माप. बारातून दहा गेले, उरले दोन. हे सोळा वर्णाच्या सोन्याचे माप. या मापांना हव्या त्या संख्येने गुणावे, तितकी उत्तरे निघतील. याचा अर्थ एक समीकरण आपल्याला प्रमाण देते, परिमाण देत नाही. ‘एकूण सोने सहा मासे’ हे दुसरे वाक्य मिळाले, क्ष + य = ६ हे दुसरे समीकरण मांडले, की उत्तर एकच उरते: दोन आणि चार. दोन अज्ञातांसाठी दोन स्वतंत्र वाक्ये लागतात, हा नियम विद्यार्थी पाठ करतात. त्याचे कारण या दोन गुटिकांत दिसते.

वाटसरूची खिचडी

‘लीलावती’तील एक प्रश्न मला सर्वांत अधिक आवडतो, कारण त्यात माणसाची घाई आहे. एक वाटसरू वाण्याच्या दुकानात आला आहे. त्याचा तांडा पुढे निघाला आहे. एका द्रम्माला साडेतीन मानके तांदूळ, किंवा आठ मानके मूग, असा भाव. वाटसरूजवळ तेरा काकिणी आहेत. दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग लवकर मोजून दे, असे तो वाण्याला म्हणतो. भास्कराचार्यांनी खिचडीचे नाव घेतलेले नाही. पण दोनास एक हे प्रमाण ऐकताच येथील गृहिणींना दुसरे काही आठवणार नाही.

एक द्रम्म म्हणजे सोळा पण आणि एक पण म्हणजे चार काकिणी. तेव्हा द्रम्माच्या काकिणी चौसष्ट. मुगाचा भाव मानकास आठ काकिणी झाला. तांदळाचा भाव चौसष्ट भागिले साडेतीन, म्हणजे मानकास १२८/७ काकिणी. तांदूळ क्ष आणि मूग य मानले तर दोन वाक्ये मिळतात. पहिले प्रमाणाचे: क्ष = २य. दुसरे पैशाचे: तांदळाची किंमत अधिक मुगाची किंमत बरोबर १३. पहिले दुसऱ्यात घातले की ३१२/७ गुणिले य = १३; म्हणून मूग ७/२४ मानक आणि तांदूळ ७/१२ मानक. तांदळाचे दहा पूर्णांक दोन तृतीयांश काकिणी, मुगाचे दोन पूर्णांक एक तृतीयांश, बेरीज तेरा. ताळा जमला.

या उदाहरणात वाणी लबाड आहे असे कोठेही म्हटलेले नाही. पण घाईत असलेला, परगावचा, मोजके पैसे जवळ असलेला माणूस तागडीसमोर उभा आहे. त्याला हा हिशेब येत नसेल तर वाणी जे देईल ते घेऊन त्याला तांडा गाठावा लागेल. मिश्रणाच्या गणितात पणाला लागलेली गोष्ट हीच आहे. ती बाराव्या शतकात होती आणि आजही आहे.

अज्ञाताला नाव देणे

सूत्रांकडून समीकरणाकडे नेणारा ग्रंथ म्हणजे भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’. त्यात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटले आहे, म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’. अज्ञाते एकाहून अधिक असली की पुढील अज्ञातांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना या, का, नी, पी अशी आद्याक्षरे. म्हणून अशा समीकरणांना नाव पडले ‘अनेकवर्णसमीकरण’. काळा, निळा, पिवळा, तांबडा असे रंग एकमेकांत मिसळू नयेत, प्रत्येकाचा हिशेब वेगळा राहावा, यासाठी ही नावे किती समर्पक आहेत!

या ग्रंथातील दोन मित्रांचा प्रश्न आजच्या पाठ्यपुस्तकात तसाच घालता येईल. एक म्हणतो, मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन. दोन अज्ञाते, दोन वाक्ये. पहिल्याजवळ ४० आणि दुसऱ्याजवळ १७० हे उत्तर. ताळा तोंडी करून पाहावा: १४० ही ७० ची दुप्पट आणि १८० ही ३० ची सहापट.

हे ज्ञान केवळ आपल्याकडेच होते असा दावा मला करावयाचा नाही. इतिहास अभिमानासाठी वाचला की तो खोटा होऊ लागतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘नऊ प्रकरणे’ या चिनी गणितग्रंथात तीन प्रतींच्या धान्याचा प्रश्न आहे. उत्तम प्रतीच्या तीन, मध्यम प्रतीच्या दोन आणि कनिष्ठ प्रतीच्या एका पेंढीचे धान्य ३९ मापे. तशीच आणखी दोन वाक्ये. आणि गुणाकार-वजाबाकीने एकेक अज्ञात नाहीसे करीत जाण्याची रीत. आपण शाळेत जिला लोप पद्धत म्हणतो, ती हीच. बरोबरचे चिन्ह इंग्लंडमधील रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ मध्ये वापरले. अज्ञातांना वर्णमालेतील शेवटची अक्षरे देण्याची पद्धत फ्रान्सच्या देकार्तच्या १६३७ मधील ग्रंथापासून रूढ झाली. जेथे जेथे बाजार भरला, तेथे तेथे हे गणित लागले.

मठाचे माप

आता मी या व्याख्यानाच्या मध्यवर्ती मुद्द्याकडे येतो. चाळीसगावपासून जवळ, सह्याद्रीच्या पायथ्याशी पाटण म्हणून गाव आहे. पाटणादेवीचे म्हणून ते प्रसिद्ध आहे. तेथील शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा, शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शोधून १८६५ मध्ये जगापुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे यासाठी त्याने पाटण येथे एक मठ स्थापन केला, आणि सिंघणाचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याने त्यास दान दिले. एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी, त्याचीच पुस्तके शिकविणारी शाळा! आजच्या प्रसंगी यापेक्षा जवळचे उदाहरण मला सुचत नाही.

लेखाचा आरंभीचा भाग संस्कृतात आहे. परंतु मठाच्या उत्पन्नाची कलमे त्या काळच्या मराठीत कोरली आहेत. राजाची आणि विद्वानांची स्तुती संस्कृतात चालते; पण बाजारातील माणसाने जे पाळावयाचे, ते त्याच्या भाषेतच सांगावे लागते. त्या कलमांत विकल्या जाणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा भाग मठाला दिला आहे. जितके तेलाचे घाणे चालतील, तितक्यांनी प्रत्येकी पळीभर तेल द्यावयाचे आहे. आणि एक कलम असे की, जे काही मोजावयाचे ते मठाच्या मापाने मोजावे. मोजणीच्या उत्पन्नाचा अर्धा भाग मठाला आणि अर्धा मोजणाऱ्याला.

हे कलम मुख्यतः उत्पन्नाचे आहे, हे मला मान्य आहे. तरीही त्यातून जो व्यवहार उभा राहतो, तो विचार करण्यासारखा आहे. बाजाराने शाळेला पोसावयाचे, आणि बाजारातील धान्य शाळेच्या मापाने मोजले जावयाचे. ज्या मठात सोन्याचे, तांदळाचे आणि मुगाचे गणित शिकविले जात असेल, त्याच मठाचे माप पेठेतील धान्याला लागत होते. शाळा आणि बाजार यांच्यामधली भिंत पुढे केव्हातरी उभी राहिली. पाटणला ती नव्हती.

नागपूर ते सिहोर

मधली शतके ओलांडून एकोणिसाव्या शतकात येऊ. आपला हा प्रदेश १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्या काळी नागपुरात एक मराठी मुलगा धुंडिराज मिश्र या कान्यकुब्ज पंडितांजवळ ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ शिकत होता. तोच पुढे बापूदेव शास्त्री या नावाने प्रसिद्ध झाला. जन्म १८२१ चा. तिकडे भोपाळ संस्थानातील सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी होता. भारतीय विद्यार्थ्यांना आधुनिक विज्ञान शिकवावयाचे तर त्यांच्याच सिद्धान्तग्रंथांपासून सुरुवात करावी, असे त्याचे मत. त्याने बापूदेवांची बुद्धी ओळखली आणि त्यांना सिहोरच्या पाठशाळेत नेले. १८४२ मध्ये बापूदेव काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. विल्किन्सनने केलेले भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी तपासून सिद्ध केले. ते त्यांच्या सूर्यसिद्धान्ताच्या भाषांतराबरोबर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. हिंदीतून त्यांनी बीजगणिताचे पुस्तक लिहिले. सिहोरच्याच सुबाजी बापू या पंडितांनी ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक मराठीतून लिहिले.

या हकिकतीकडे आपण पांढुर्ण्यातून पाहावे. मराठी मुलगा, हिंदी भाषक गुरू, संस्कृत ग्रंथ, इंग्रज आश्रयदाता, आणि अखेर हिंदीतील पाठ्यपुस्तक. सिहोरमध्ये बसून लिहिलेले मराठी पुस्तक. नागपूर आणि माळवा यांच्यामध्ये वसलेल्या या भागात एकाच विद्येला दोन भाषांतून जावे लागते, ही आजची अडचण नाही. ती येथील जुनी रीत आहे.

दोन भाषा, एक समीकरण

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरी मराठी, कचेरीत हिंदी, ही आपली दिनचर्या. त्यामुळे आपल्या मुलाला मिश्रणाचे उदाहरण दोन नावांनी भेटते. मराठी पुस्तकात ते ‘शाब्दिक उदाहरण’, हिंदीत ‘इबारती सवाल’. मराठीत ‘चल’, हिंदीत ‘चर’. मराठीत ‘लोप’, हिंदीत ‘विलोपन’. मराठीत ‘एकसामयिक समीकरणे’, हिंदीत ‘युगपत समीकरण’. समीकरण मात्र दोन्हीकडे तेच.

अडचण येते ती समीकरणापर्यंत पोहोचण्यात. शाब्दिक उदाहरण हे आधी भाषेचे उदाहरण असते. ‘दुप्पट’ आणि ‘दुपटीने जास्त’ यांत फरक आहे की नाही, हे भाषेने ठरवावयाचे असते. ‘वीस लिटर दुधात पाच लिटर पाणी घातले’ आणि ‘वीस लिटर दुधातून पाच लिटर काढून तेवढेच पाणी घातले’ ही वाक्ये घाईने वाचणाऱ्याला सारखी वाटतात. पहिल्यात पंचवीस लिटरांत वीस लिटर दूध आहे, म्हणजे शेकडा ऐंशी. दुसऱ्यात वीस लिटरांत पंधरा, म्हणजे शेकडा पंच्याहत्तर. आकडे तेच, क्रियापदे वेगळी. जो विद्यार्थी आकडे उचलून गुणाकार-भागाकार करीत सुटतो, त्याला गणित कच्चे म्हणण्याची घाई आपण करतो. पुष्कळदा कच्चे असते ते वाचन. म्हणून मुलाला ज्या भाषेत स्वयंपाकघरातील आणि शेतावरील व्यवहार कळतो, त्या भाषेत हे उदाहरण एकदा त्याच्यापुढे यावे. मग तो ते हिंदीत सोडवो की इंग्रजीत.

आणि हा व्यवहार संपलेला नाही. दूध संकलन केंद्रावर फॅट पाहून भाव ठरतो. प्रमाणित दुधात साडेचार टक्के आणि टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्धांश असावा असा नियम आहे. सात टक्क्यांचे म्हशीचे आणि चार टक्क्यांचे गाईचे दूध मिळून साडेचार टक्क्यांचे साठ किलो दूध करावयाचे असेल, तर दोन वाक्ये:

क्ष + य = ६०
७क्ष + ४य = २७०

म्हशीचे दहा किलो आणि गाईचे पन्नास. दुग्धशाळेत यासाठी चौकोन काढून तिरप्या वजाबाक्या करण्याची युक्ती शिकवितात: सातातून साडेचार गेले, उरले अडीच, साडेचारातून चार गेले, उरला अर्धा, म्हणून प्रमाण पाचास एक. सोळा आणि दहा वर्णांच्या गुटिकांसाठी भास्कराचार्यांनी सांगितलेली वजाबाकी हीच. सराफाकडेही तसेच. २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. दागिन्यावर ९१६ हा आकडा दिसतो, तो बावीस भागिले चोवीस या अपूर्णांकाचा हजारांतील हिशेब आहे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. हे गणित जे बदलत नाही त्यावर उभे असते, आणि ते काय, हे प्रत्येक वेळी पारखून घ्यावे लागते. वजनांची बेरीज मिसळल्यावरही कायम राहते. घनफळाची राहतेच असे नाही. पाणी आणि स्पिरिट एकत्र केले तर मिश्रणाचे घनफळ दोघांच्या बेरजेपेक्षा थोडे कमी भरते. भास्कराचार्यांनी सोन्याचा हिशेब वजनाने केला, आणि शुद्ध करताना होणारी घटही उदाहरणातच घातली. वरील उदाहरणात मी दूध लिटरांऐवजी किलोंत घेतले, त्याचे कारणही हेच.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी आज संत्र्याच्या बागा सांभाळतात, कोणी कापसाच्या व्यापारात आहेत, कोणी दुधाच्या, कोणी सराफीत, कोणी बँकेत, कोणी कचेरीत. आपल्या प्रत्येकाच्या व्यवहारात मिश्रणाचे एखादे खरे उदाहरण असतेच. दोन प्रतींचा माल एका भावाने विकला जातो. दोन व्याजदरांची कर्जे एकाच हप्त्यात दडलेली असतात. दोन खते एकत्र करून टाकावी लागतात. पाठ्यपुस्तकाची उदाहरणे दिल्लीत किंवा पुण्यात तयार होतात. ती चुकीची नसतात. पण त्यांत आपला बाजार नसतो.

माझी विनंती अशी की, प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या धंद्यातील एक खरे उदाहरण, खऱ्या भावांसह आणि खऱ्या मापांसह, स्वच्छ मराठीत लिहून शाळेला द्यावे. शिक्षकांनी ती तपासून एक छोटी वही तयार करावी. मराठी मजकुरासमोर हिंदी मजकूर असावा. खर्च फारसा नाही. पाटणच्या पेठेने मठाला तेल आणि धान्य दिले. आपल्या पेठेने शाळेला उदाहरणे द्यावीत. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्यासाठी पुतळ्यापेक्षा अशी वही अधिक योग्य स्मारक ठरेल असे मला वाटते.

त्या वहीतून शिकलेली मुलगी उद्या तागडीसमोर उभी राहील, तेव्हा तिच्याजवळ शाळेचे माप असेल. समोरच्यावर अविश्वास दाखविण्याची तिला गरज पडणार नाही. ती दोन वाक्ये मांडील आणि ताळा करून पाहील.